जुन्या मोटारगाडीचा अंतर्भाग : उष्णता व गोंगाट यांचे निवारण

जुन्या मोटारगाड्यांचे जतन हा विषय आता केवळ हौशी संग्राहकांपुरता राहिलेला नाही. यंत्रनिर्मितीचा इतिहास, पदार्थविज्ञान आणि ध्वनिशास्त्र या तिन्हींचा तेथे संगम होतो, आणि प्रत्येक शाखेचा सल्ला दुसरीच्या सल्ल्याशी जुळतोच असे नाही. गाडीच्या अंतर्भागाचे ऊन व आवाज यांपासून संरक्षण करणे हे या विसंगतीचे उत्तम उदाहरण होय. वरकरणी हा प्रश्न पत्र्याच्या आतून काही जाड, मऊ पदार्थ चिकटवण्याइतका सोपा वाटतो, आणि गॅरेजमधून तो बहुधा तसाच सोडवला जातो. परंतु उष्णता आणि ध्वनी यांचे मार्ग निरनिराळे आहेत. एकाला अडवणारा पदार्थ दुसऱ्याला अडवीलच असे नाही, आणि दोघांनाही अडवणारा पदार्थ पावसाळ्यात पत्र्याचा शत्रू ठरू शकतो. या तिहेरी अडचणीची उकल भौतिकीच्या मूलतत्त्वांवरून कशी करता येते हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी उदाहरण म्हणून महाराष्ट्राला चांगली परिचित असलेली गाडी घेतली आहे. मुंबईत कुर्ला येथे प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, आणि १९७० च्या दशकात जिला प्रीमिअर पद्मिनी हे नाव मिळाले ती तिचीच पुढील आवृत्ती, या गाड्यांचे मूळ इटलीत १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फियाट ११००/१०३ या रचनेत आहे. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, आणि वेगळी चौकट नसलेला एकसंध पत्र्याचा सांगाडा ही तिची ठळक लक्षणे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने मुंबईची अनेक दशके सेवा केली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शहरातील अखेरची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. आज ज्या गाड्या शिल्लक आहेत त्या खाजगी मालकांकडे व संग्राहकांकडे आहेत. त्यांचे पत्रे जुने झाले आहेत, रबर कडक झाले आहे, आणि मालकांची अपेक्षा मात्र आजच्या गाडीतील शांततेची व गारव्याची आहे. प्रश्न उद्भवतो तो येथेच.

उष्णतेचे तीन मार्ग

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी प्रवास करते हे सर्वविदित आहे. गाडीच्या बाबतीत या तिघांचे बळ स्थानपरत्वे बदलते. निरभ्र उन्हाळ्यात भर दुपारी आडव्या पृष्ठावर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. काळा रंग तिच्यापैकी नऊ-दशांश वा अधिक भाग शोषून घेतो. पांढरा रंग साधारणपणे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश. मुंबईच्या टॅक्सीचे अंग काळे व टप पिवळा असे. ही योजना ओळख पटावी म्हणून असली, तरी सर्वांत जास्त ऊन झेलणारा भाग फिकट रंगाचा असणे उष्णतेच्या दृष्टीनेही हितकारकच होते. जुन्या गाडीचा टप मूळ फिकट रंगात ठेवणे हा म्हणूनच उष्णतानिवारणाचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय.

तापलेल्या टपाखाली अस्तर टांगलेले असते व दोहोंमध्ये हवेची पोकळी असते. समजा, पत्र्याचे तापमान ७५ अंश सेल्सिअस आणि अस्तराचे ४० अंश आहे, आणि मधली पोकळी २० मिलिमीटरची आहे. रंगवलेला पत्रा व कापड या दोघांचीही उत्सर्जकता सुमारे ०.९ धरली, तर स्टेफान-बोल्ट्समान नियमानुसार केवळ प्रारणाने दर चौरस मीटरला सुमारे २३५ वॅट उष्णता खाली येते. उष्ण पृष्ठ वर व थंड पृष्ठ खाली असल्यामुळे अभिसरण जवळजवळ होत नाही. स्थिर हवेतून वहनाने येणारी उष्णता सुमारे ४५ वॅट भरते. एकूण बेरीज २८० वॅट. म्हणजे येणाऱ्या उष्णतेचा पाच-षष्ठांशाहून अधिक भाग प्रारणाचा आहे.

आता अस्तराच्या वरच्या अंगाला ०.०५ उत्सर्जकतेचा चकचकीत ॲल्युमिनिअमचा पापुद्रा लावला, तर प्रारणाचा वाटा २३५ वरून सुमारे १४ वॅटवर येतो आणि एकूण आकडा ६० च्या आसपास राहतो. उलट, तीच पोकळी ०.०४ वॅट प्रतिमीटर-केल्विन वाहकतेच्या लोकरी नमद्याने पूर्ण भरली तर उष्णतेचा ओघ सुमारे ७० वॅट होतो; नमदा १० मिलिमीटरचाच असून पत्रा व अस्तर यांच्यात दाबून बसवला असेल तर १४० वॅट. तात्पर्य असे की, कागदाइतका पातळ पापुद्रा दोन सेंटिमीटर जाडीच्या नमद्याची बरोबरी करू शकतो. अट एवढीच की त्याच्या चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी असावी.

ही अट व्यवहारात सर्रास मोडली जाते. पापुद्रा थेट पत्र्याला चिकटवून वर फोम व अस्तर दाबून बसवले जाते. अशा वेळी पापुद्र्याच्या चकाकीला काही कामच उरत नाही, कारण दोन घन पदार्थ एकमेकांना टेकले की उष्णता वहनाने जाते, आणि ॲल्युमिनिअम हा उष्णतेचा उत्तम वाहक आहे. त्या ठिकाणी जो काही रोध होतो तो फोमचा असतो. श्रेय मात्र पापुद्र्याला दिले जाते. धूळ व मळ साचल्यानेही पापुद्र्याची उत्सर्जकता वाढते. म्हणून चकचकीत बाजू शक्यतो खाली तोंड करून ठेवणे श्रेयस्कर; प्रारणाच्या गणितात बाजू वरची की खालची याने फरक पडत नाही, धुळीच्या बाबतीत मात्र पडतो.

वरील गणितात पत्र्याचे तापमान कायम धरले आहे. प्रत्यक्षात आतून रोध वाढवला की पत्रा आणखी थोडा तापतो व अधिक उष्णता बाहेरच्या हवेला देतो. त्यामुळे आकड्यांत थोडा फेर पडेल, निष्कर्षात नाही.

काच आणि उभी गाडी

टपावर कितीही परिश्रम केले तरी उन्हात उभ्या गाडीचा प्रश्न त्याने सुटत नाही. कारण तेथे मुख्य प्रवेशद्वार काच हे आहे. साधी स्वच्छ काच समोरून येणाऱ्या सौर प्रारणाचा सुमारे चार-पंचमांश भाग आत सोडते. आतील बैठका ते शोषून तापतात व दीर्घ तरंगलांबीचे प्रारण बाहेर टाकू लागतात. या तरंगलांबीला काच अपारदर्शक असते, शिवाय बंद काचांमुळे तापलेली हवाही बाहेर पडत नाही. अशा स्थितीत टपाचा व दारांचा उष्णतारोध फक्त कालविलंब घडवतो: गाडी सावकाश तापते, आणि तापल्यावर तितकीच सावकाश निवते. संध्याकाळी दारे उघडल्यावर ‘एवढे साहित्य घालूनही गाडी भट्टीसारखी का?’ असा जो प्रश्न मालकाला पडतो त्याचे उत्तर हे आहे.

काचेवरील उपाय काचेच्या बाहेर केल्यास सर्वांत परिणामकारक ठरतो, कारण ऊन आत शिरण्यापूर्वीच अडवले जाते. आतून लावायचा पडदा परावर्तक असेल तर आलेला प्रकाश लघुतरंगांच्याच रूपात काचेतून परत जातो. पडदा गडद असेल तर तो प्रकाशाचे उष्णतेत रूपांतर करून ती आतच ठेवतो. बाहेरून पांढऱ्या कापडाचे आच्छादन आणि झाडाची वा छपराची सावली यांची बरोबरी कोणताही अंतर्गत थर करू शकत नाही.

इंजिनाची व धूरनळीची उष्णता

धावत्या गाडीत उष्णतेचा दुसरा उगम महत्त्वाचा ठरतो. इंजिन व बैठक यांच्यामधील पत्र्याची भिंत, गिअरपेटीवरील बोगद्यासारखा उंचवटा आणि धूरनळीवरचा तळ या तीन ठिकाणी पाय पोळतात. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे येथे पदार्थाच्या जाडीपेक्षा उगमाजवळची ढाल अधिक मोलाची. ४०० अंश सेल्सिअसची नळी ७५ अंशांच्या तशाच पृष्ठाच्या चौदा पट प्रारण देते. नळी व तळ यांच्या दरम्यान, दोन्हीकडे हवेला वाट ठेवून बसवलेला चकचकीत धातूचा पत्रा हे प्रारण परत फिरवतो, आणि धावत्या गाडीखालून वाहणारी हवा त्या पत्र्याला निववत राहते. तीच उष्णता तळाचा पत्रा ओलांडून आत आल्यावर गालिच्याखाली अडवणे म्हणजे तळपत्रा व त्यावरील रंग तापत ठेवणे होय.

या भागात सुरक्षिततेचा विचारही आवश्यक आहे. सच्छिद्र फोम तेल व पेट्रोल शोषून घेतो. पॉलियुरिथेनचा साधा फोम सहज पेट घेतो व त्याचा धूर विषारी असतो. इंजिनाच्या बाजूला अशा पदार्थांना स्थान नसावे. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत आणि सांध्यांच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. जुने अवशेष कोरडे खरवडून वा हवेच्या झोताने उडवून काढणे घातक आहे, कारण या खनिजाचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत गेल्यास कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे.

डेसिबेलचे अंकगणित

उष्णतेकडून ध्वनीकडे वळताना प्रथम मापनपद्धतीचा एक विशेष ध्यानी घ्यावा लागतो. डेसिबेल हे लघुगणकी माप असल्यामुळे आवाजांची बेरीज नेहमीच्या बेरजेसारखी होत नाही. समजा, गाडीत इंजिनाचा आवाज ७६, चाकांचा ७४ आणि वाऱ्याचा ७२ डेसिबेल आहे. तिघांची बेरीज ७९ डेसिबेल होते. आता सर्वांत मोठा असा इंजिनाचा आवाज पूर्णपणे, अगदी शून्यापर्यंत नाहीसा केला असे मानले, तरी उरलेल्या दोघांची बेरीज ७६ भरते. म्हणजे अशक्यप्राय यश मिळवूनही घट फक्त ३ डेसिबेलची. उलट तिन्ही आवाज केवळ ५-५ डेसिबेलनी कमी केले, तर एकूण आवाजही ७४ वर येतो. एकाच जागी जाड थरांवर थर चढवण्याऐवजी सर्व मार्गांवर माफक उपाय करणे का फलदायी ठरते, याचे गणिती कारण हेच.

कोणता मार्ग किती बोलका आहे हे ठरवण्याची साधी रीत आहे. मोकळ्या व सुरक्षित रस्त्यावर ठराविक वेगाने गाडी गिअरमध्ये चालवून आवाज मोजावा. त्याच वेगात गिअर सोडून इंजिन मंद ठेवून पुन्हा मोजावा. आणि शेवटी गाडी उभी करून इंजिन तितक्याच फेऱ्यांवर चालवून तिसरे मापन घ्यावे. दुसऱ्या मापनात मुख्यतः चाके व वारा, तर तिसऱ्यात फक्त इंजिन व धूरनळी उरते. मोबाइल फोनमधील ध्वनिमापक निरपेक्ष मूल्यांसाठी विश्वसनीय नसला, तरी तोच फोन त्याच जागी ठेवून केलेली तुलना पुष्कळ काही सांगून जाते.

वस्तुमानाचा नियम आणि फटी

हवेतून येणाऱ्या ध्वनीला अडवण्याची भिंतीची शक्ती प्रामुख्याने तिच्या दर चौरस मीटरच्या वस्तुमानावर व ध्वनीच्या कंप्रतेवर अवलंबून असते. वस्तुमान दुप्पट केले किंवा कंप्रता दुप्पट झाली, तर रोध सुमारे ६ डेसिबेलनी वाढतो. ०.८ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला ६.३ किलोग्रॅम भरतो. त्याचा रोध ५०० हर्ट्‌झला सुमारे २३ डेसिबेल, परंतु १०० हर्ट्‌झला अवघा ९ डेसिबेल येतो. त्यावर दर चौरस मीटरला ५ किलोग्रॅमचा जड थर दिला तर वाढ होते ती सुमारे ५ डेसिबेलची. सहा चौरस मीटर पत्र्यासाठी हे ओझे ३० किलोग्रॅम होते. सुमारे ९०० किलोग्रॅमच्या, चाळीसेक अश्वशक्तीच्या गाडीला ते अगदीच उपेक्षणीय नाही.

त्याच जड थराखाली मऊ नमदा घालून तो पत्र्यापासून अलग केला तर दुहेरी भिंत तयार होते व उच्च कंप्रतांना रोध पुष्कळ वाढतो. मात्र दोन वस्तुमाने व त्यांच्यामधील हवेची स्प्रिंग यांचे स्वतःचे अनुस्पंदन असते. वरील दोन थरांमध्ये १० मिलिमीटरचे अंतर असल्यास ते ३०० ते ३६० हर्ट्‌झच्या दरम्यान येते. त्या जागी दुहेरी भिंत एकेरीपेक्षाही दुबळी ठरू शकते, आणि त्याच्या खालच्या कंप्रतांना तिचा काही विशेष लाभ नसतो. चार सिलिंडरांच्या चौधावी इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ही कंप्रता १०० हर्ट्‌झ होते. म्हणजे इंजिनाचा मूळ घुमारा अनुस्पंदनाच्या बराच खाली राहतो. महागडे थर देऊनही ‘शिट्टी गेली, पण घुमणे गेले नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते ती गणिताला धरूनच आहे.

वस्तुमानाहूनही निर्णायक असतात त्या फटी. ३० डेसिबेल रोधाच्या भिंतीत केवळ एक टक्का क्षेत्रफळाचे छिद्र राहिले तर एकूण रोध २० डेसिबेलच्याही किंचित खाली येतो. पेडलांची भोके, सुकाणूच्या दांड्याची व गिअरच्या जोडदांड्यांची वाट, तारांच्या जुडग्यांभोवतीचे चिरलेले ग्रोमेट, दारांचे चपटे झालेले रबरी बीडिंग या सर्वांतून इंजिनाचा आवाज, उष्ण हवा व धूर एकाच वाटेने आत येतात. रात्रीच्या अंधारात इंजिनाच्या बाजूला दिवा ठेवून आतून पाहिल्यास या फटी उजेडाने स्वतःच दिसतात. दाराच्या चौकटीत कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी विनासायास ओढून काढता आली तर तेथील रबर निकामी झाले असे समजावे. काही रुपयांच्या रबरात जे साधते ते फटी तशाच ठेवून हजारो रुपयांच्या थरांनीही साधत नाही.

कंप पावणारा पत्रा : अवमंदनाचा उपाय

गाडीतील आवाजाचा मोठा भाग हवेतून न येता धातूतून येतो. इंजिनाचे व चाकांचे कंप सांगाड्यात उतरतात, आणि टप, दारे, तळ यांचे विस्तीर्ण सपाट पत्रे नगाऱ्याच्या कातड्याप्रमाणे ते हवेला देतात. एकसंध सांगाड्याच्या गाडीत कंपांना वाट अधिकच सुकर असते. येथे अवमंदन, म्हणजे कंपाच्या ऊर्जेचे पदार्थाच्या अंतर्गत घर्षणाने उष्णतेत रूपांतर करणे, हाच खरा उपाय. पत्र्यावर चिकट-स्थितिस्थापक थर दिल्यास किती अवमंदन होते याची मांडणी जर्मनीत हेरमान ओबेर्स्ट यांनी १९५२ मध्ये केली. वरून ताठ पापुद्रा लावून तो थर बांधून टाकल्यास काय होते याचे विश्लेषण एडवर्ड कर्विन यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. दुसऱ्या रचनेत पत्रा वाकताना मधला थर दोन ताठ पृष्ठांत कातरला जातो व म्हणून पातळ थरही पुष्कळ ऊर्जा खातो. बाजारात मिळणारे ॲल्युमिनिअमची पाठ असलेले ब्यूटिल रबराचे तक्ते याच तत्त्वावर आधारलेले आहेत. त्यांवरील धातूचा पापुद्रा तेथे उष्णता परतवण्यासाठी नसून थर बांधून ठेवण्यासाठी असतो.

या बाबतीत अधिक म्हणजे उत्तम हा समज मात्र चुकीचा आहे. अनुस्पंदनाच्या शिखरावरील कंप अवमंदनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पत्र्याचा हानिगुणक ०.००५ वरून ०.०५ झाला तर शिखर २० डेसिबेलनी खाली येते. तेथून पुढे साहित्य वाढवून तो ०.१ केला तर आणखी फक्त ६ डेसिबेल. म्हणून पत्र्याच्या मध्यभागी, जेथे तो सर्वाधिक वाकतो, बसवलेला एक तुकडा कडेपर्यंत केलेल्या आच्छादनाच्या फायद्याचा मोठा भाग मिळवून देतो. बोटाच्या पेराने पत्रा वाजवून पाहावा: घंटेसारखा नाद येत असेल तेथे थर हवा, ‘ठप’ असा बोजड आवाज येत असेल तेथे नको. कारखान्याने मुळातच पन्हळी वा उठाव देऊन ताठ केलेल्या भागांवर तो चिकटवण्यात फारसा अर्थ नाही.

चिकट-स्थितिस्थापक पदार्थाचा गुण तापमानानुसार बदलतो हेही विसरता कामा नये. थंडीत तो काचेसारखा कडक, अतिउष्णतेत पातळ, आणि मधल्या एका पट्ट्यातच खरा अवमंदक असतो. इमारतींच्या छपरांना लावायचे डांबरी तक्ते स्वस्त म्हणून गाडीत वापरले जातात. परंतु ७५ अंशांच्या टपाखाली डांबर मऊ पडून ओघळते, वास सोडते आणि कित्येकदा तक्ताच अस्तरावर गळून पडतो.

शोषण व अंतर्भागाचा घुमारा

सच्छिद्र पदार्थ ध्वनी अडवत नाही, तो शोषतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून व्याख्यानगृहात बैठकांच्या गाद्या आणून ठेवून व काढून जे प्रयोग केले, तेथून ध्वनिशोषणाचे शास्त्र सुरू होते. कठीण पृष्ठावर बसवलेला शोषक थर तरंगलांबीच्या एक-चतुर्थांशाइतका जाड असेल तेव्हा पूर्ण परिणाम देतो. ३००० हर्ट्‌झला ही जाडी सुमारे ३ सेंटिमीटर, पण १०० हर्ट्‌झला ८६ सेंटिमीटर! गालिचा, नमदा, कापडी अस्तर व गुबगुबीत बैठका गिअरची किणकिण व वाऱ्याची शीळ मवाळ करतात. घुमाऱ्याला मात्र ते हात लावू शकत नाहीत.

हा घुमारा कोठून येतो? बंद अंतर्भागाची लांबी सुमारे दोन मीटर धरली, तर त्यातील हवेचे पहिले अनुस्पंदन साधारण ८६ हर्ट्‌झला येते, आणि इंजिनाच्या स्फोटांची कंप्रता मिनिटाला सुमारे २६०० फेऱ्यांवर नेमकी तेवढी होते. दोहोंचा मेळ जुळला की विशिष्ट वेगाला गाडी घुमू लागते. त्यावर उपाय आत नाही, मुळाशी आहे: इंजिनाची कडक झालेली रबरी बैठक बदलणे, सायलेन्सर व त्याला टांगणारे रबर नीट करणे, चालनादंडाचे झिजलेले सांधे व समतोल तपासणे. किंबहुना जुन्या गाडीचा पुष्कळसा आवाज हा आवाज नसून बिघाडाची सूचना असते. दुरुस्तीपूर्वीच तो दाबून टाकणे म्हणजे ज्वराचे कारण न शोधता तापमापक लपवणे होय.

ओल, गंज आणि मूळ स्वरूप

येथपर्यंतचा विचार भौतिकीचा झाला. परंतु महाराष्ट्राच्या, विशेषतः कोकणपट्टीच्या हवेत अखेरचा निर्णय पाण्याच्या हाती असतो. तीस अंश तापमानाच्या व ऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. रात्री पत्रा तेवढा निवला की त्याच्या आतल्या अंगावर पाणी धरते. काचेच्या जुन्या रबरातून झिरपणारा पाऊस व ओल्या पादत्राणांचे पाणी वेगळेच. उघडा पत्रा सकाळी उन्हाने सुकतो. नमद्याखालचा पत्रा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. पोलादाचा गंज पृष्ठ किती काळ ओले राहते यावर मुख्यतः अवलंबून असल्यामुळे, ज्या गुणामुळे नमदा चांगला शोषक ठरतो त्याच गुणामुळे तो तळपत्र्यावर घातक ठरतो. वेगळी चौकट असलेल्या गाडीत तळ सडला तर पत्रा बदलता येतो. पद्मिनीसारख्या एकसंध गाडीत तळ व त्याच्या कडा हीच गाडीची ताकद असते. तेथील गंज हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही, प्राणाचा होतो.

म्हणून तळावर काहीही बसवण्यापूर्वी गंज काढून प्रतिबंधक रंग देणे, पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवणे, पत्र्याला चिकटणारा थर बंद पेशींचा व संपूर्ण चिकटलेला असणे, आणि नमदा वा गालिचा सहज उचलून वाळवता येईल असा सुटा असणे, या चार अटी पाळाव्या लागतात. दारांत तर बाहेरच्या पत्र्याच्या आत पावसाचे पाणी काचेवरून उतरतच असते व खालच्या भोकांतून निघून जाते. तेथे सच्छिद्र पदार्थ भरणे सर्वस्वी वर्ज्य. अर्धवट चिकटलेला तक्ता हा न चिकटलेल्या तक्त्यापेक्षा वाईट, कारण त्याच्याखाली शिरलेले पाणी कोणाला दिसत नाही.

यापुढचा प्रश्न मूळ स्वरूपाचा. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये मान्य केलेल्या तुरिन सनदेत, जतनासाठी केलेला हस्तक्षेप कमीत कमी, नोंदलेला व शक्यतो परत फिरवता येण्याजोगा असावा, हे तत्त्व अंगीकारलेले आहे. भारतातही २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदणी मिळण्यासाठी ती मूळ स्वरूपात असणे आणि तिच्या सांगाड्यात वा इंजिनात भरीव फेरबदल झालेले नसणे अपेक्षित आहे. गालिच्याखालचा सुटा थर या कसोटीला सहज उतरतो. फवारून घट्ट बसवलेला फोम, अस्तर फाडून केलेली भरती किंवा ग्रोमेटांच्या जागी ओतलेले न निघणारे लुकण मात्र भावी अभ्यासकाकडून मूळ पत्रा, मूळ रंग व कारखान्याच्या खुणा कायमच्या हिरावून घेतात. मूळ अस्तराचा एखादा तुकडाही त्या काळच्या साहित्याचा पुरावा असतो, हे काढून टाकताना ध्यानी येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून कामाचा क्रम आपोआप निश्चित होतो. प्रथम मापन व बिघाडांची दुरुस्ती. नंतर फटी बुजवणे. मग उगमाजवळ, म्हणजे धूरनळीशी, परावर्तक ढाल. त्यानंतर नाद करणाऱ्या पत्र्यांच्या मध्यावर मोजके अवमंदन. पुढे टपाच्या पोकळीत परावर्तक पापुद्रा. आणि सर्वांत शेवटी, तळ निर्दोष व कोरडा असल्याची खात्री झाल्यावर, सुटा गालिचा व नमदा. बहुतेक गॅरेजांतील क्रम याच्या नेमका उलटा असतो, कारण शेवटची पायरी दिसायला सुंदर व विकायला सोपी असते, तर पहिल्या दोन पायऱ्या कष्टाच्या असून डोळ्यांत भरत नाहीत.

या क्रमाने काम केल्यास १९६० च्या दशकातील गाडी आजच्या गाडीइतकी शांत वा गार होईल असे नाही. पातळ काचा, साधी निलंबन-योजना व पत्र्याचा मूळ घाट यांची मर्यादा राहणारच. परंतु ती बसण्याजोगी व बोलण्याजोगी होईल, आणि तिचा तळ पुढच्या पिढीपर्यंत टिकेल. जतनाच्या दृष्टीने या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जेथे सुखसोय व टिकाऊपणा यांचा विरोध येईल तेथे कौल टिकाऊपणाच्या बाजूने द्यावा, कारण काढून ठेवलेला थर केव्हाही परत घालता येतो, गंजून गेलेला पत्रा मात्र परत आणता येत नाही.